आपल्या नर्सिंग होममधून बाळाचा इको लांबच्या डॉक्टरला दाखवायचा तर

आधीच सांगून टाकतो, हे कार्डिओलॉजिस्टसाठी नाहीये. हे आपल्यासारख्यांसाठी आहे, म्हणजे डिचोली वाळपई काणकोण पेडणे असल्या ठिकाणी नवजात बाळं सांभाळणारे बालरोगवाले, ज्यांच्याकडे इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, मशीन आहे, छोटा प्रोब (छातीवर टेकवायचा भाग) पण आहे, एक-दोन वर्कशॉप करून झालीत, पण रात्री दोन वाजता बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८६ टक्क्यांवर अडकलं की तोंड सुकतं, कारण बाळाच्या हृदयातलं खरं कळणारा माणूस शेजारी नाही, तो फोनच्या पलीकडे आहे.

गोव्यात आपल्याला ईसीजी पाठवायची सवय झालीय. स्टेमीच्या, म्हणजे हार्ट ॲटॅकच्या, प्रोजेक्टमुळे आरोग्य केंद्रातून ईसीजी जातो, वाचून परत येतो, पेशंट बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला निघतो. त्यामुळे वाटतं इको पण तसाच पाठवायचा. तिथेच आपण फसतो. ईसीजीचे लीड जागेवर लावले की सिस्टरने काढला काय न प्रोफेसरने काढला काय, कागद साधारण तोच येतो. इकोमध्ये तुमचा प्रोब जिथे गेलाच नाही ती जागा पलीकडच्या डॉक्टरसाठी नसतेच. म्हणून टेली-इकोमध्ये, म्हणजे लांबच्या तज्ज्ञाला इको दाखवण्यात, आपलं काम निदान करायचं नाही, काही न गाळता दाखवायचं एवढंच आहे, आणि हे "एवढंच" शिकायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली.

माझा पहिला टेली-इको मी पार वाया घालवला होता. तिसऱ्या दिवसाचं बाळ, दूध ओढत नव्हतं, अंग गार, मी घाईघाईत फोर चेंबर व्ह्यू लावला, चारही कप्पे दिसले, बारीक पीएफओ (वरच्या दोन कप्प्यांमधली फट) दिसला, खूश झालो. तीन फोटो काढले, व्हिडिओ नाही बरं का, फोटो, आणि लांबच्या कार्डिओलॉजिस्ट मॅडमना व्हॉट्सॲपवर टाकून खाली लिहिलं "स्ट्रक्चरली नॉर्मल वाटतंय". उत्तर आलं दोन शब्दांचं: "आर्च कुठाय?" आर्च, म्हणजे महाधमनीची कमान, मी बघितलाच नव्हता, कारण मान मागे केली की बाळ रडत होतं. फेमोरल पल्स (जांघेतली नाडी) पण तेव्हाच पहिल्यांदा नीट चाचपले, लागतच नव्हते. कोआर्क्टेशन, म्हणजे महाधमनी एका जागी आखडलेली, निघालं. बाळ वाचलं, पण माझ्यामुळे नाही.

तर आता कामाचं.

प्रोब हातात घ्यायच्या आधी बाळाला हात लावा. उजव्या हाताचं आणि कुठल्याही एका पायाचं सॅच्युरेशन, दोन्ही. जन्माला २४ तास झाल्यावर दोन्हीकडे ९५ किंवा वर आणि दोघांतला फरक ३ पेक्षा जास्त नाही तर ठीक. कुठेही ९० च्या खाली असेल तर परत परत मोजत बसू नका, फोन करा. मधलं असेल तर तासाभराने परत मोजा. पण एक लक्षात ठेवा की कोआर्क्टेशन या चाळणीतून सहज निसटतं, त्यामुळे फेमोरल पल्स आणि चारही हातापायांचं बीपी याला पर्याय नाही. डक्ट (पोटात असताना महाधमनी आणि फुप्फुसाची नळी जोडणारी वाट) बऱ्याच बाळांत पहिल्या दोन-तीन दिवसांत बंद होतो, म्हणूनच डक्टवर जगणारं बाळ पहिल्या दिवशी मस्त दूध पितं, घरी जातं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरं पडून परत येतं. असं बाळ समोर असेल तर आधी फोन, इको नंतर. प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे डक्ट उघडा ठेवणारं औषध, सुरू करायचं की नाही हा निर्णय इको सुंदर येईपर्यंत थांबवून ठेवायचा नसतो, समोरच्या तज्ज्ञाशी बोलून सुरू करतात, डोस साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रोग्रॅम पर किलो पर मिनिट या पट्ट्यात, आणि त्याने बाळ श्वास थांबवू शकतं म्हणून ट्यूब आणि बॅग हाताशी. आज ड्युटी संपायच्या आधी एक करा, फ्रिज उघडून ॲम्प्यूल खरंच आहे का आणि एक्स्पायरी काय ते बघा. माझ्याकडे एकदा बॉक्स होता, आत काही नव्हतं.

मशीनचं. नवजात बाळाला ८ ते १२ मेगाहर्ट्झचा फेज्ड ॲरे प्रोब, मोठ्यांचा ३ वाला लावून काही उपयोग नाही. प्रीसेट निओनेटल निवडा. हृदय मिनिटाला १४०-१५० च्या स्पीडने पळतंय त्यामुळे फ्रेम रेट वर पाहिजे, त्यासाठी डेप्थ कमी करा, सेक्टर अरुंद करा, कलरचा (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा) बॉक्स लागेल तेवढाच छोटा ठेवा. सगळ्या स्क्रीनवर कलर पसरवून पाठवणारे खूप आहेत, दिसायला दिवाळी पण वाचायला काही नाही. कलरचा स्केल आर्च आणि डक्टसाठी ६०-८० सेंटीमीटर पर सेकंद, पण पल्मोनरी व्हेन (फुप्फुसातून रक्त आणणाऱ्या शिरा) बघताना तो खाली ३०-४० वर आणा नाहीतर हळू वाहणारं रक्त दिसणारच नाही. ईसीजीच्या तीन तारा लावल्या तर उत्तम, बाळ फारच छोटं असेल तर राहू द्या.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी समोरच्या डॉक्टरशी ठरवून टाका, चित्र सरळ की उलटं. मोठ्यांच्या इकोत एपेक्स (हृदयाचं टोक) वर दिसतो, लहान मुलांचे कार्डिओलॉजिस्ट बरेचदा सबकॉस्टल (फासळ्यांखालून) आणि एपिकल (एपेक्सकडून) व्ह्यू उलटवून बघतात, डोकं वर पाय खाली. तुम्ही एक पाठवलं आणि ते दुसरं समजून बसले तर पाच मिनिटं डावं-उजवं करण्यात जातात.

बाळाचं. जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये नाही, गरम जेलने भाजतं. वॉर्मर चालू, फक्त छाती उघडी, टोपी डोक्यावर. बाळाचं तापमान ३६.५ च्या खाली गेलं की श्वास बिघडतो, आणि तुम्ही पाठवलेलं "हे बाळ खूप आजारी दिसतंय" यातला अर्धा आजार तुमच्या एसीचा असतो. शक्य असेल तर दूध पाजून अर्धवट झोपेत घ्या. एक सिस्टर फक्त बाळाकडे बघायला, मॉनिटर तिच्या डोळ्यासमोर, ती थांब म्हणाली की थांबायचं. प्रोब आधी आणि नंतर दोन्ही वेळा पुसायचा, हे सांगायची गरज नाही पण सांगतोच.

आता हात कसा फिरवायचा. मी नेहमी पोटापासून सुरू करतो, कारण बाळ रडलं तरी सबकॉस्टल मिळतो. पहिली क्लिप आडवी: लिव्हर कुठल्या बाजूला, महाधमनी मणक्याच्या डावीकडे का, आयव्हीसी (खालची मोठी शीर) उजवीकडे का. ही क्लिप सगळेच गाळतात कारण "त्यात काय बघायचं", पण हृदय उजवीकडे आहे की अवयवच उलटेसुलटे आहेत हे इथेच कळतं. मग प्रोब तसाच चपटा ठेवून मागून पुढे हळूहळू स्वीप, मणक्यापासून छातीच्या पुढच्या भिंतीपर्यंत, ५-६ सेकंदांची एक क्लिप. हळू म्हणजे खरंच हळू, पावसात चोर्ला घाट उतरताना गाडी चालवतो तसं. आधी दोन्ही ॲट्रिया (वरचे कप्पे), मग डाव्या व्हेंट्रिकलमधून (खालच्या कप्प्यातून) निघणारी नळी, मग उजव्यामधून निघणारी. ज्या बाळात या दोन नळ्या एकमेकींना ओलांडत नाहीत, समांतर निघतात, तिथे ट्रान्सपोझिशनची (दोन नळ्यांच्या अदलाबदलीची) शंका घ्या, पण लिहू नका, क्लिप पाठवा. मग पोटातल्या महाधमनीवर पल्स डॉप्लर, अर्ध्या मिनिटाचं काम. चढ मऊ पडला असेल आणि डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडतं तेव्हा) पण वाहतच असेल तर वर कुठेतरी अडलंय, ही एक क्लिप कोआर्क्टेशनमध्ये फार कामाची.

एपिकलला फोर चेंबर, आधी साधा, मग कलर, मग प्रोब पुढे झुकवत पाचवा कप्पा, म्हणजे महाधमनीचं तोंड. ट्रायकस्पिडमधून (उजवीकडच्या झडपेतून) गळती दिसली की तिचा वेग सीडब्ल्यूने (कंटिन्युअस वेव्ह डॉप्लरने) मोजा. वेगाचा वर्ग गुणिले चार, म्हणजे सेकंदाला ३ मीटर असेल तर ३६ मिमी पारा, त्यात उजव्या ॲट्रियमचं प्रेशर मिळवलं की फुप्फुसाच्या प्रेशरचा अंदाज येतो. पण गळतीची रेषा फाटकी असेल तर आकडा लिहू नका, चित्रच पाठवा. चुकीचा आकडा एकदा कागदावर आला की तो बाळाबरोबर तीन हॉस्पिटलं फिरतो.

पॅरास्टर्नल (छातीच्या हाडाशेजारून) लाँग, शॉर्ट, ते सगळ्यांना येतं, फक्त शॉर्टमध्ये वरून खालपर्यंत पूर्ण स्वीप करा, कारण स्नायूतली भोकं मध्येच कुठेतरी असतात. डावीकडे थोडं वर सरकून डक्टचा व्ह्यू, दोन पल्मोनरी फांद्या आणि तिसरा डक्ट, तीन पायांचं स्टूल दिसतं. इथे फ्लो कुठल्या दिशेला जातोय हे कलर आणि डॉप्लर दोन्हीने दाखवा, कारण लांबचा डॉक्टर जवळजवळ नक्की विचारणारा पहिला प्रश्न हाच.

आणि शेवटी मान. खांद्याखाली नॅपकिनची गुंडाळी, मान थोडी मागे, दोन मिनिटं बोटावर आईचं दूध चाटवा. मार्कर साधारण एक वाजता ठेवला की आर्चची काठी वाकलेली दिसते. आर्चच्या सगळ्या फांद्या, आणि डक्टच्या समोरचा निमुळता भाग. डक्ट उघडा असेल तर कोआर्क्टेशन लपतं, त्यामुळे "आर्च ठीक" असं आपण लिहायचं नाही. मग प्रोब आडवा फिरवून क्रॅब व्ह्यू. आपल्या गोंयकारांना हे नाव समजवावं लागत नाही, मधे डावा ॲट्रियम म्हणजे कुर्लीचं (खेकड्याचं) अंग आणि चार पल्मोनरी व्हेन म्हणजे नांग्या. चारही आत शिरताना कलरवर दिसल्या पाहिजेत. दिसल्या नाहीत तर "दिसल्या नाहीत" असंच लिहा. जे निळं बाळ आपण सगळे "पीपीएचएन (जन्मानंतरही फुप्फुसातलं प्रेशर चढलेलं) आहे, ऑक्सिजन वाढवा" म्हणून दोन दिवस ओढतो आणि सुधारत नाही, त्यात टीएपीव्हीसी (चारही पल्मोनरी व्हेन भलतीकडे जोडलेल्या) दडलेला असू शकतो, आणि पीएफओमधून सगळं रक्त उजवीकडून डावीकडेच जात असेल तर कुर्ली सापडेपर्यंत प्रोब खाली ठेवू नका.

पाठवायचं कसं. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून पाठवतं, फ्रेम पडतात, कलर फुटतो. तेच द्यायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, तेव्हा फाइल जशीच्या तशी जाते. त्याहून बरं म्हणजे मशीनमधून डायकॉम (मशीनची मूळ फाइल) काढून हॉस्पिटलच्या सुरक्षित लिंकवर चढवणं. स्क्रीनचा मोबाईलने काढलेला व्हिडिओ अगदी शेवटचा उपाय, त्यात ट्यूबलाइटचा चट्टा येतोच. वरच्या पट्टीतलं आईचं नाव पुसा किंवा सुरुवातीलाच नावाच्या जागी कोड टाका. क्लिपना नावं द्या: ०१ पोट आडवं, ०२ सबकॉस्टल स्वीप, असं. पस्तीस क्लिप नुसत्या नंबरांनी पाठवल्या की समोरचा माणूस रात्री अडीचला चिडणारच, मी पण चिडेन.

आणि सोबत मेसेज. हा माझा साचा आहे, तसाच वापरा: "३९ आठवडे, २.९ किलो, वय ३० तास. उजवा हात ९६, पाय ८८. श्वास ७०, फेमोरल दोन्ही कमी, उजव्या हाताचं बीपी पायापेक्षा २० ने जास्त. लॅक्टेट ४. प्रोस्टाग्लँडिन सुरू नाही. मिळालं नाही: क्रॅब व्ह्यू. प्रश्न: आर्च उघडा आहे का, डक्टचा फ्लो कुठे." यातलं "मिळालं नाही" आणि "प्रश्न" हे दोन मुद्दे सगळ्यात महत्त्वाचे. "प्लीज ओपिनियन" याला उत्तर पण तसलंच मोघम येतं.

लाइव्ह जमत असेल तर फारच छान. मशीनच्या एचडीएमआयमधून कॅप्चर कार्ड लावून लॅपटॉपवर चित्र, आणि दुसरा एक मोबाईल स्टँडवर लावून माझा हात दिसेल असा. हा दुसरा कॅमेरा लोक विसरतात, पण समोरच्याला तुमचा प्रोब कसा धरलाय हे दिसलं की तो दुरुस्त करू शकतो. आमचं चालतं ते असं:

"अरे शेपटी खाली कर. प्रोबची, तुझी नाही."
"अशी, मॅडम?"
"अजून. अजून. आता मार्कर थोडा डावीकडे... थांब! हलू नकोस. श्वास पण घेऊ नको. साठव हे."

मी साठवायचं बटण दाबायला डावा हात नेला आणि उजवा सरकला, चित्र गेलं, परत शोधायला दोन मिनिटं. तेव्हापासून बटण सिस्टर दाबते. आणि आवाजासाठी इंटरनेट कॉलवर अवलंबून राहू नका, वेगळा साधा फोन स्पीकरवर ठेवा, कारण जूनमध्ये नेट डळमळतं तेव्हा चित्र अडकलं तरी बोलणं चालू राहतं. मशीन यूपीएसवर पाहिजे. पाऊस पडला की लाइट जाते हे आपल्याला कोणी सांगायला नको.

कायद्याचं थोडक्यात. केंद्राच्या २०२० च्या मार्चमधल्या टेलिमेडिसिनच्या गाइडलाइनमध्ये एका डॉक्टरने दुसऱ्याला विचारणं बसतं, पण उपचार करणारा डॉक्टर तुम्हीच राहता, जबाबदारी तुमचीच. म्हणून सल्ला फोनवर मिळाला तरी केसपेपरवर वेळ घालून लिहा, आणि आईवडिलांची सही घ्या. इकोचं मशीन पण पीसीपीएनडीटीखाली (गर्भलिंग तपासणीबंदीच्या कायद्याखाली) नोंदलेलं पाहिजे, मित्राच्या नर्सिंग होममध्ये बाळ अडलंय म्हणून पोर्टेबल गाडीत टाकून निघालात तर अडचणीत याल.

घरच्यांशी बोलणं हा वेगळाच विषय. आमच्याकडे आजी पहिलं विचारते, "दोतोर, काळजाक बुराक आसा?" (काळजाला भोक आहे का?) एकदा बुराक हा शब्द खोलीत फिरला की मग पीएफओ काय, मोठा व्हीएसडी (खालच्या कप्प्यांमधलं भोक) काय, सगळं सारखंच, गावभर बाळाच्या काळजाला बुराक. म्हणून लाइव्ह कॉल चालू असताना नातेवाइकांना आत घेऊ नका, डॉक्टर आपापसात काय काय बोलतात, "हे काय दिसतंय?" वगैरे, ते त्यांनी ऐकून उपयोगाचं नाही. पण संपल्यावर पाच मिनिटं बसून, जमलं तर मॅडमना स्पीकरवर घेऊन, नीट सांगा. पीएफओ ही पोटात असताना सगळ्याच बाळांना लागणारी फट, जन्मल्यावर काही काळ उघडी दिसतेच, हे आजीला तिच्या भाषेत सांगितलं की ती ऐकते.

आता शिकायचं कसं. वर्कशॉपमध्ये दोन दिवसांत प्रोब धरायला येतो, हात बसत नाही. राष्ट्रीय निओनेटॉलॉजी फोरमच्या परिषदेला जोडून होणारी फंक्शनल (हृदयाचं काम बघणाऱ्या) इकोची वर्कशॉप जरूर करा, पण खरा हात बसतो नॉर्मल बाळांवर. मी आईवडिलांना विचारून डिस्चार्जच्या आधीच्या धडधाकट बाळांचे इको करत गेलो, दूध पिऊन झोपलेल्या, पहिले पन्नास तरी असेच. नॉर्मल आर्च पन्नास वेळा पाहिला की एक्कावन्नावा बिघडलेला असेल तर हात आपोआप थबकतो. अमेरिका आणि युरोपच्या इको सोसायट्यांनी २०११ मध्ये निओनेटॉलॉजिस्टने करायच्या इकोबद्दल जे लिहिलं त्यात पण हेच आहे की पहिला इको अर्धामुर्धा नको, पूर्ण रचनेचा करा आणि तो पीडियाट्रिक कार्डिओलॉजिस्टच्या नजरेखालून जाऊ द्या, नंतरचे मग तेवढ्याच प्रश्नापुरते चालतील. बरेच जण उलटं करतात, डक्ट किती मिलिमीटर ते मोजायला शिकतात आणि रचना कधी पूर्ण बघतच नाहीत.

लांबून शिकवणारा गुरू मिळाला तर आठवड्यातला एक तास बांधून घ्या. आमचा बुधवार दुपार, जेवण झाल्यावर. नियम एकच, क्लिप पाठवताना मला काय वाटलं ते मी आधी वहीत लिहून ठेवायचं, मग त्यांचं उत्तर शेजारच्या रकान्यात. सुरुवातीच्या पानांवर दोन रकाने जुळतच नाहीत, लाज वाटते उघडायला. पण नुसतं उत्तर वाचून "हां, मला पण तसंच वाटत होतं" असं म्हणत राहिलो असतो तर काहीच शिकलो नसतो. बाळाचं पुढे मोठ्या हॉस्पिटलात काय निघालं ते पण तिसऱ्या रकान्यात, त्यासाठी आठवड्याने आईला फोन करायचा, ती सांगते.

बाळ हलवायचं ठरलं तर १०८ यायच्या आत सगळ्या क्लिप पेन ड्राइव्हवर घाला आणि तो फाइलला चिकटपट्टीने लावा, लिंक तिकडे उघडेलच याचा भरवसा नाही. प्रोस्टाग्लँडिन चालू असेल तर वेगळी शिरेची लाइन, पंपाची बॅटरी बघून, आणि गाडीत बाळाला बॅग देता येणारा माणूस. पोचायच्या आधी तिकडच्या ड्युटी डॉक्टरला एक फोन, उजवा हात किती, पाय किती, डोस किती. परवाच्या बाळाच्या वेळी पेन ड्राइव्ह फाइलमध्ये आणि फाइल माझ्याच टेबलावर राहिली होती, सिस्टर गेटपर्यंत पळत गेली.